संमतीचा कागद आणि छायाचित्रातला माणूस

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात छायाचित्रणाची समीक्षा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्तही आहे. चित्र, शिल्प, नाटक यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. छायाचित्राकडे मात्र आपण क्वचितच गांभीर्याने पाहिले, आणि पाहिले तेव्हा प्रकाश, रचना, नेमका क्षण यांपलीकडे फारसे गेलो नाही. छायाचित्रात जो माणूस दिसतो त्याला ते काढून घ्यायचे होते काय, हा प्रश्न आपण वकिलांवर सोपवून मोकळे झालो. आमच्या मते तो समीक्षेचाच प्रश्न आहे. कादंबरीकार दुःख रंगवतो तेव्हा त्या दुःखाला पात्राचा आडोसा असतो. निदान नाव तरी बदललेले असते. डॉक्युमेंटरी छायाचित्रात दुःख ज्याचे, चेहराही त्याचाच असतो. दुष्काळ, वेश्यावस्ती, रुग्णालय, दंगल, शेतकऱ्याच्या घरची तेराव्याच्या आतली दुपार, हे सारे विषय आता प्रदर्शनांत आणि देखण्या पुस्तकांत नित्याचे झाले आहेत. त्यांचे मोल ठरवताना संमतीचा विचार वगळला, तर समीक्षा अर्धीच राहते.

या प्रश्नाचे मूळ शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. ते इंदूर आणि हैदराबाद या आपल्याच दोन शहरांत सापडते. लाला दीनदयाळ हे नाव आपल्या जुन्या घराण्यांना अपरिचित नाही. १८४४ मध्ये मेरठजवळ सरधना येथे जन्मलेले आणि रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेले दीनदयाळ इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. तेथेच १८७४ च्या सुमारास ते कॅमेऱ्याकडे वळले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले आणि सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ भरभराटीला आला. राजवाडे, शिकारी, पलटणी, मेजवान्या यांची त्यांनी काढलेली चित्रे आजही डोळ्यांचे पारणे फेडतात.

१८९२ साली या स्टुडिओने हैदराबादेत एक निराळी व्यवस्था केली. गोषातल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला. आवाराला उंच भिंती होत्या आणि पुरुषाला आत मज्जाव होता. कॅमेरा चालवायला एक इंग्रज बाई नेमली होती आणि तिच्या हाताखाली एतद्देशीय स्त्रियाच होत्या. अमीर-उमरावांच्या घरच्या स्त्रियांना आपली छबी हवी होती, पण परपुरुषाच्या नजरेसमोर बसणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी नकार दिला असता तर स्टुडिओचे गिऱ्हाईक गेले असते. म्हणून भिंत बांधली गेली. संमती म्हणजे काय, हे त्या काळच्या धंदेवाईक माणसाला पुरते ठाऊक होते, याचा हा विटा-चुन्याचा पुरावा आहे.

आता सात-आठ वर्षे पुढे येऊ. १८९९-१९०० च्या दुष्काळात, तेव्हा निजामाच्या मुलखात असलेल्या औरंगाबादेत काही छायाचित्रे काढली गेली. ती दीनदयाळांच्याच स्टुडिओची मानली जातात आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हाडांचे सापळे झालेली माणसे कॅमेऱ्यासमोर मांडलेली आहेत, आणि त्यातील एका छायाचित्राच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ ‘कृशतेचे नमुने’ असा होतो. नमुने! धान्याचे असावेत तसे. कोणाचे नाव नाही, गाव नाही. अंगावर पुरेसे वस्त्र नसताना स्त्रियांनी आणि मुलांनी परक्या यंत्रासमोर उभे राहावे, यासाठी येथे कोणी भिंत बांधली नाही. त्यांना ‘उभे राहा’ असे सांगणारा अधिकारी आणि अन्नछत्रात पेज वाढणारा अधिकारी एकाच सरकारचे होते. त्या स्थितीत ‘नाही’ म्हणण्याची शक्यता किती होती, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

दीनदयाळांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. ते आपल्या काळाचे, आणि आपल्या काळातल्या पुष्कळांहून सभ्य छायाचित्रकार होते. त्यांच्या आधी, १८७६-७८ च्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने भुकेल्यांचे गट मांडून जी छायाचित्रे काढली, त्यांवर त्या काळच्या इंग्रजांनीच टीका केली होती. दीनदयाळांचे उदाहरण आम्ही घेतले ते एवढ्यासाठी की, एकाच नावाखाली, एकाच दशकात, संमतीचे हे दोन निरनिराळे भाव शेजारी शेजारी ठेवलेले सापडतात.

स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही हा भेद फारसा पुसला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम वाचून पाहावे. छायाचित्राचा पहिला स्वामी सामान्यतः छायाचित्रकार. तो वृत्तपत्राच्या नोकरीत असेल तर त्या पत्रातील प्रसिद्धीपुरता पत्राचा मालक. परंतु कोणी मोबदला देऊन स्वतःहून छायाचित्र काढवून घेतले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर हक्क काढवून घेणाऱ्याचा. केवळ ज्याचा चेहरा आहे, त्याची या मांडणीत जागाच नाही. पैसे मोजले तर तो मालक होतो, एरवी विषय.

विदर्भात आणि मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काढलेली छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना या कलमाचा अर्थ चटकन उमगेल. या चित्रांचा एक साचाच पडून गेला आहे. दारात किंवा सारवलेल्या भिंतीशी एक तरुण विधवा उभी असते, तिच्या हातांत नवऱ्याची हार घातलेली तसबीर असते आणि दृष्टी थेट कॅमेऱ्याकडे असते. पहिल्यांदा पाहताना हे चित्र काळजाला भिडते. दहाव्यांदा पाहताना त्यातली मांडणी दिसू लागते. भिंतीवरची तसबीर उतरवून, ती छातीशी धरून कोणी आपणहून उभे राहत नाही. तशी विनंती झालेली असते, आणि विनंती करणारा शहरातून गाडीने आलेला, सरकारी मदतीशी आपला काहीतरी संबंध असेल असे वाटायला लावणारा पाहुणा असतो. तसबिरीतला फोटो तालुक्याच्या स्टुडिओत पैसे देऊन काढलेला, म्हणून तो घरचा. तो हातात धरून उभ्या असलेल्या बाईचा फोटो मात्र परक्याचा.

यावर छायाचित्रकार आणि स्वयंसेवी संस्था यांचे ठरलेले उत्तर असते की, आम्ही संमतिपत्रावर सही घेतली आहे. व्यवसायात या कागदाला ‘रिलीज’ म्हणतात. त्याचा जन्म कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. न्यू यॉर्क राज्यात एका पीठगिरणीने एका तरुण मुलीचे छायाचित्र तिला न विचारता आपल्या जाहिरातीवर छापले. त्याच्या पंचवीस हजार प्रती निघाल्या. मुलगी न्यायालयात गेली आणि १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरली. त्यावर एवढा गहजब झाला की, पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, जाहिरात आणि व्यापार यांसाठी कोणाचे नाव वा चित्र वापरायचे तर लेखी संमती हवी, असा कायदा तेथे झाला. असला कागद हे व्यापाराचे हत्यार आहे. पीठ विकणाऱ्याला मुलीकडून चेहरा मोकळा करून घ्यावा लागतो, म्हणून ‘रिलीज’. मोकळा होतो तो चेहरा वापरणारा. सही करणारा बांधला जातो.

या कागदातील मजकूर सामान्यतः असा असतो: ही परवानगी कायमची आहे, जगभरासाठी आहे, आजच्या व पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी आहे, ती परत घेता येणार नाही आणि छापण्यापूर्वी चित्र पाहण्याचा हक्क मी सोडला आहे. तो बहुधा इंग्रजीत असतो. त्याखाली जेथे सही येत नाही तेथे अंगठा येतो. आपल्या मुलखात अंगठ्याचा इतिहास काय आहे, हे आम्ही वाचकांस सांगायला हवे असे नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले ते काही कागदाच्या द्वेषापायी नव्हे. कशावर अंगठा उठवला हे अंगठा उठवणाऱ्याला कधी कळलेच नव्हते, ही त्यामागची चीड होती. मृत्यूच्या तिसऱ्या दिवशी, रडून सुजलेल्या डोळ्यांनी दिलेल्या अंगठ्याला आम्ही संमती म्हणायला तयार नाही.

कागद नको, नुसते तोंडी बोलणे पुरे, असे म्हणावे तर तेथेही पंचाईत आहे. डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे एका स्थलांतरित मजूर आईचे छायाचित्र काढले. मंदीच्या काळाचे प्रतीक म्हणून ते जगभर गाजले. आपण तिचे नाव विचारले नाही, असे लँगने पुढे स्वतःच लिहिले. ही छायाचित्रे आपल्या उपयोगी पडतील हे त्या बाईला जणू कळले होते आणि त्यात एक प्रकारची बरोबरी होती, असाही तिचा भाव होता. त्या बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स टॉम्पसन, १९७८ मध्ये पुढे आल्या तेव्हा त्यांना ती बरोबरी आठवत नव्हती. चित्र छापणार नाही असे आपल्याला सांगितले होते, आणि त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ही त्यांची तक्रार होती. चित्र प्रसिद्ध झाल्यावर सरकारने निपोमोच्या छावणीला वीस हजार पौंड अन्न पाठवले, हे खरे; पण तोवर हे कुटुंब तेथून निघून गेले होते. दोघींपैकी कोणाचे स्मरण अचूक होते, हे आता ठरवता येणार नाही. एक मात्र ठरवता येते: नाव न विचारता बरोबरी होत नसते.

या सर्वांच्या तुलनेत मेरी एलन मार्क यांचे ‘फॉकलंड रोड’ हे पुस्तक आम्हांस अधिक विचारात पाडते. मुंबईच्या वेश्यावस्तीत छायाचित्रे काढण्याचा प्रयत्न त्या १९६८ पासून करीत होत्या. तेथील स्त्रिया त्यांच्या अंगावर पाणी आणि कचरा फेकीत. दहा वर्षे हेच चालले. १९७८ मध्ये त्या पुन्हा आल्या, रोज त्याच रस्त्यावर येत राहिल्या आणि हळूहळू काही घरांची दारे उघडली. पुस्तक १९८१ मध्ये निघाले. त्यातील चित्रे रंगीत आहेत, अत्यंत जवळून घेतलेली आहेत आणि काही पाहवत नाहीत. तरीही त्यांत एक गोष्ट आहे, जी दुष्काळाच्या ‘नमुन्यां’त नाही. त्या स्त्रियांनी दहा वर्षे नकार दिला होता. तो नकार चालला होता. त्यामुळे पुढे जो होकार आला त्याला काही वजन आहे, एवढे मान्य करावे लागते.

मात्र तो होकार कशासाठी होता? आपल्या ओळखीच्या झालेल्या एका परदेशी बाईसाठी होता, फार तर तिच्या देशातल्या एका महाग पुस्तकासाठी. या वस्तीतल्या अनेकींची वाट बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्मावरून मुंबईला आलेली होती, हे सीमाभागातील आपल्या वाचकांना ठाऊक आहे. गावाकडे आई असे, भाऊ असत, मुलगी आजीपाशी वाढत असे. मुंबईहून पैसे जात. ते कोठून येतात हे सर्वांस ठाऊक असून कोणी उच्चारत नसे. त्या मौनावर घर उभे होते. १९८१ साली न्यू यॉर्कमध्ये छापलेले पुस्तक सौंदत्तीला पोचण्याचा संभव नव्हता. आज तीच चित्रे कोणाच्याही हातातल्या मोबाइलवर येऊ शकतात, त्या मुलीच्या मुलाच्याही. संमती देणारीने जे गृहीत धरले होते ते तिची काही चूक नसताना नाहीसे झाले. म्हणूनच ‘आजच्या व पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी’ हे शब्द आम्हांस इतके खटकतात. जे अजून निघालेच नाही त्याला कोणी होकार कसा देईल?

बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास आपल्या कायद्याने पूर्वीपासून बंदी केली आहे. नव्या न्यायसंहितेतही ती कायम आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांसाठी २०१२ चा आणि काळजीची गरज असलेल्या वा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी २०१५ चा कायदा आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हे सर्व चांगलेच झाले. परंतु दुष्काळी, रोगी, विधवा, विस्थापित हे प्रौढ आणि सज्ञान असल्यामुळे त्यांचा मामला शेवटी कागदावरच येऊन ठेपतो.

येथे आमच्याविरुद्ध एक बळकट आक्षेप येतो आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. संमतीची वाट पाहिली असती तर जगाला काय कळले असते? २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये संपादक इयान स्टीफन्स यांनी रस्त्यांवर मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हाच सरकार लपवीत असलेला बंगालचा दुष्काळ उघड झाला. त्या माणसांना कोणी विचारले नव्हते. विचारायला वेळ नव्हता, आणि त्यांच्यात उत्तर द्यायचे त्राण नव्हते.

आणि भोपाळ. इंदूर-उज्जैनच्या वाचकांना १९८४ च्या डिसेंबरातील ती रात्र ऐकून माहीत आहे असे नाही. कित्येकांची माणसे तेथे होती. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी एकाच दफनाची छायाचित्रे काढली, एकाने कृष्णधवल आणि दुसऱ्याने रंगीत. दगडमातीतून वर राहिलेला एका लहान मुलाचा चेहरा, उघडे पण काही न पाहणारे डोळे आणि त्याच्यावर आलेला एक हात. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान मिळाला. मूल कोणाचे, हे आजवर कळलेले नाही. संमती देणारे कोणी नव्हतेच.

हे छायाचित्र काढायला नको होते, असे आमच्याने म्हणवत नाही. औरंगाबादच्या चित्राशी त्याची तुलना केली की कारण ध्यानात येते. तेथे माणसे मांडली होती. येथे दफन जसे चालले होते तसे चालले होते, छायाचित्रकार फक्त वाकला. तेथे शीर्षकाने माणसाचा नमुना केला. येथे चित्र पाहणारा लगेच विचारतो, हे कोणी केले? त्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते एका कारखान्याच्या नावाचे आहे. वाचलेल्यांच्या लढ्याने पुढे हाच चेहरा आपल्या फलकांवर घेतला. ती उशिरा आलेली संमती मानावी काय? पूर्णांशाने नाही, तरी ज्यांच्यावर ते दुःख कोसळले त्यांनीच ते चित्र आपले म्हटले, ही गोष्ट आम्ही जमेस धरतो. रघु राय पुढे पुन्हा भोपाळला गेले आणि वाचलेल्यांची, मागे राहिलेल्यांची छायाचित्रे त्यांनी काढली, हेही.

पण या अपवादाचा नियम करणारे पुष्कळ असतात. ‘लोकांना कळले पाहिजे’ हे वाक्य भोपाळच्या पहाटे खरे होते. वर्षानुवर्षे जो विषय सर्वांस ठाऊक आहे, त्यावरच्या विसाव्या प्रदर्शनात ते तितके खरे राहत नाही. तेथे छायाचित्रकाराला घाई नसते, परत यायला वेळ असतो, प्रत नेऊन दाखवायला पैसा असतो. आणखी एक भेद ठेवावा लागतो. लाठी उगारलेल्या शिपायाची, व्याजाची वही लिहिणाऱ्या सावकाराची परवानगी घ्यायची झाली तर डॉक्युमेंटरी छायाचित्रण उद्याच बंद पडेल. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला विचारण्याची निकड कमी, ज्याच्या हाती काही नाही त्याला विचारण्याची अधिक. प्रत्यक्षात नेमके उलट घडते, हे जनाना स्टुडिओपासून पाहत आलोच आहोत.

शेवटी आपल्या घरचे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरे, हैदराबाद येथील आपल्या संस्था शतकमहोत्सव साजरे करीत आहेत, आणि प्रत्येकीची स्मरणिका निघते. तिच्यासाठी वाड्यावाड्यांतून जुने गट-फोटो मागवले जातात. खाली नावे येतात: बसलेले डावीकडून अमुक सरदार, तमुक दिवाण, त्यांचे जामात. कडेला उभा असलेला हुजऱ्या, पायाशी बसलेली कुणबीण, कडेवर मूल घेतलेली दाई यांच्यापाशी आले की यादी थांबते, किंवा ‘व सेवकवर्ग’ असे छापून उरकली जाते. त्याच फोटोंत मागच्या ओळीत, दाराच्या चौकटीपाशी, आलवण नेसलेली एखादी केशवपन केलेली आजी किंवा आत्या असते. घरच्या कर्त्याने सर्वांना बोलावले म्हणून ती आली. पुष्कळ वेळा तिने पदर ओढून तोंड वळवलेले असते.

मोबदला देऊन काढवलेला म्हणून तो फोटो कायद्याने घराचा. आज तर त्यावरील हक्काची मुदतही बहुधा संपलेली. छापण्यास अडचण काहीच नाही. तरी संपादक मंडळांनी फोटो देणाऱ्यास दोन गोष्टी विचाराव्यात असे आम्ही सुचवतो. कडेच्या माणसांची नावे घरात कोणास आठवतात काय, आणि त्यांची नातवंडे या शहरात कोठे आहेत. दाईचे, हुजऱ्याचे घराणे पुष्कळदा दोन गल्ल्या पलीकडेच नांदत असते आणि त्यांच्याकडे स्वतःच्या पणजीचा एकही फोटो नसतो. त्यांना आधी एक प्रत द्यावी, मग छापू काय म्हणून विचारावे. ते नको म्हणतील, तर तो फोटो त्या अंकापुरता बाजूस ठेवावा लागेल. आणि चौकटीपाशी तोंड वळवून उभी असलेली ती आत्या आपल्याच घरची असली, तरी तिचा तो फिरवलेला चेहरा स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी मोठा करून घेण्यापूर्वी घरातल्या बायकांना एकदा विचारलेले बरे.